चाल कोणाची? विडंबन, प्रताधिकार आणि यंत्राचे वाचन

१९५७च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमात 'विडंबन' हा शब्द नाही. वाङ्मयकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि रूपांतर यांच्या व्याख्या त्यात आहेत. संगणकाच्या आज्ञावलीलाही वाङ्मयकृतीत जागा देण्याइतके औदार्य या अधिनियमाने दाखविले आहे. परंतु एखादी कृती दुसऱ्या कृतीचे रूप मुद्दाम अंगावर घेऊन तिच्यातूनच वेगळे, बहुधा विरोधी, असे काही बोलू लागते तेव्हा तिला काय म्हणावे, याविषयी तो मौन पाळतो. मुद्रणाच्या युगात हे मौन फारसे कोणाला जाणवले नाही. विडंबनकार आणि मूळ कवी एकाच साहित्यव्यवहारात वावरत; रुसवेफुगवे होत, क्वचित जाहीर चकमकीही होत, पण प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याचे प्रसंग विरळ असत. आंतरजालावर विडंबन प्रसृत होऊ लागले, आणि प्रसृत होताक्षणीच ते एका यंत्राकडून तपासले जाऊ लागले, तेव्हापासून या मौनाला परिणाम प्राप्त झाले. ते परिणाम कोणते आणि मराठी समीक्षेचा त्यांच्याशी काय संबंध, हे पाहण्यास मुंबईच्या उपनगरातील एक अलीकडचे प्रकरण उपयोगी पडते.

२३ मार्च २०२५ रोजी कुणाल कामरा यांच्या 'नया भारत' या एकपात्री कार्यक्रमाची चित्रफीत यूट्यूबवर आली. खार येथील 'हॅबिटॅट' या प्रयोगस्थळी ती चित्रित झाली होती. 'दिल तो पागल है' (१९९७) या चित्रपटातील एका गीताच्या चालीवर रचलेले आणि उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून असल्याचे मानले गेलेले विडंबनगीत तीत होते. त्याच रात्री शिवसैनिकांनी त्या प्रयोगस्थळाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेने अनधिकृत बांधकामाच्या कारणावरून तेथे हातोडा चालविला. अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि पुढे खार पोलिसांकडे वर्ग झाला. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामरा यांना अटकेपासून संरक्षण दिले. एवढा भाग सर्वज्ञात आहे आणि त्यावर विपुल लिहिलेही गेले.

त्याच आठवड्यात घडलेली दुसरी घटना मात्र बातमीच्या पुरवणीसारखी वाचली गेली. याच चित्रफितीत 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधील 'हवा हवाई' या गीताच्या चालीवर अर्थमंत्र्यांना आणि करधोरणाला लक्ष्य करणारे आणखी एक विडंबन होते. त्या गीतावरील हक्कांच्या आधारे टी-सीरीज या कंपनीने यूट्यूबवर प्रताधिकाराचा दावा नोंदविला. चित्रफितीच्या प्रसारणावर आणि तिच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्याचा परिणाम झाला. आपण मूळ शब्द वापरले नाहीत, मूळ वाद्यसंगीतही वापरले नाही, असा कामरा यांचा प्रतिवाद होता. अनुमती न घेता मूळ संगीतरचना वापरली, असे कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे वाद शब्दांचा नव्हता आणि ध्वनिमुद्रणाचाही नव्हता. शब्द आणि मुद्रित ध्वनी वजा केल्यावर गीतात जे उरते त्याला मराठीत 'चाल' म्हणतात. वाद त्या चालीचा होता.

पोलिसी कारवाईपेक्षा ही दुसरी घटना साहित्यविचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पोलिसी कारवाईत निदान विडंबनाचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा असेल, सूडबुद्धीचा असेल, पण कोणीतरी ते विडंबन ऐकलेले असते आणि ते आपल्याला लागले आहे असे म्हटलेले असते. प्रताधिकाराच्या दाव्यात अर्थाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठी साहित्यव्यवहारात चाल ही फार काळ कोणाच्या मालकीची वस्तू नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' (१८८०) आणि 'संगीत सौभद्र' (१८८२) या नाटकांतील पदे कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकी गाण्यांतल्या परिचित चालींवर रचली गेली. संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे मूळ गीताची ओळ दिली जाई. हा संकेत दिसतो तेवढा साधा नाही. तो ऋणनिर्देश होता, गायकाला दिलेली सूचना होती आणि वाचकाला दिलेली एक गुरुकिल्लीही होती: हे पद त्या पदाच्या सुरात वाचा, म्हणजे दोहोंतील अंतर कळेल. आंतरसंहितात्मकतेची चर्चा मराठीत पाश्चात्त्य सिद्धान्तनाच्या हाताला धरून आली, परंतु आपल्या नाट्यपदांच्या माथ्यावर ती आधीपासून छापलेली होती. 'मानापमान' (१९११) साठी गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवर' (१९१६) साठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या तेव्हा संगीतकार म्हणून स्वतंत्र नाव पुढे आले. तरीही बखल्यांच्या चालींमागे ज्या बंदिशी उभ्या होत्या, त्यांचा मालक शोधण्याची गरज कोणाला वाटली नाही.

कायद्याचा प्रवास उलट दिशेने झाला. १९५७च्या अधिनियमातील संगीतकृतीची मूळ व्याख्या लिखित वा मुद्रित स्वरलेखनाच्या अटीला बांधलेली होती. जी चाल कागदावर उतरली नाही ती या व्याख्येत बसत नसे, आणि आपल्याकडील बहुतेक संगीत कागदावर उतरतच नसे. १९९४च्या दुरुस्तीने ही अट काढली. आता संगीतकृती म्हणजे संगीताची बनलेली कृती; तिच्याबरोबर गायचे शब्द मात्र तिच्या बाहेर. संगीतकारांच्या दृष्टीने ही दुरुस्ती न्याय्य होती, यात शंका नाही. पण तिच्यामुळे चाल शब्दांपासून सोलून निघाली आणि स्वतंत्र मालमत्ता झाली. तिच्यावर नवे शब्द बसविणारा शाहीर, भजनी बुवा वा विडंबनकार हा तत्त्वतः परक्याच्या आवारात शिरलेला माणूस ठरला.

येथे एक विसंगती नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. टी-सीरीजचा आरंभीचा विस्तार ज्या कॅसेटयुगात झाला त्याचे तपशीलवार वर्णन पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात केले आहे. जुन्या चित्रपटगीतांची दुसऱ्या गायकांकडून करून घेतलेली 'व्हर्जन' ध्वनिमुद्रणे हा त्या विस्ताराचा एक प्रमुख आधार होता, आणि अशी ध्वनिमुद्रणे शक्य होती ती तत्कालीन प्रताधिकार अधिनियमातील सवलतीमुळे. २०१२च्या दुरुस्तीने ती सवलत बरीच आवळली. चालींच्या सैल मालकीवर उभा राहिलेला उद्योग पुढे चालींच्या कडक मालकीचा पहारेकरी व्हावा, हे व्यापाराच्या इतिहासात नवलाचे नाही. पण 'चोरी' हा शब्द उच्चारताना या इतिहासाचे स्मरण असावे.

विडंबनासाठी कायद्यात कोणता आडोसा आहे? अधिनियमाच्या कलम ५२(१)(क) मध्ये 'न्याय्य व्यवहारा'ची तीन प्रयोजने सांगितली आहेत: संशोधनासह खाजगी वापर, समीक्षा वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. अमेरिकेतील 'न्याय्य वापरा'ची कल्पना खुली आहे. आपली यादी बंद आहे. त्यामुळे 'विडंबन न्याय्य वापरात मोडते' हे समाजमाध्यमांवर हरघडी उच्चारले जाणारे वाक्य भारतीय कायद्याच्या दृष्टीने अर्धवटच खरे आहे. विडंबनाला आत शिरायचे असेल तर ते समीक्षेच्या दारानेच शिरावे लागते. आणि त्या दारावरची अक्षरे बारकाईने वाचण्याजोगी आहेत: समीक्षा 'त्या कृतीची अथवा अन्य कोणत्याही कृतीची' असावी. कृतीची! एका गीताच्या आधाराने दुसऱ्या गीताची समीक्षा चालेल. पण एका गीताच्या आधाराने करप्रणालीची, मंत्र्याची वा पक्षांतराची समीक्षा चालेल की नाही, हे कलम सांगत नाही. मंत्री ही काही 'कृती' नव्हे, निदान अधिनियमाच्या अर्थाने नव्हे.

या दारातून एक कृती मानाने आत गेली आहे. तोप्पिल भासी यांच्या 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' (१९५२) या प्रख्यात मल्याळम नाटकाला प्रत्युत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी १९९५मध्ये प्रतिनाटक लिहिले. मूळ नाटकातील पात्रे, प्रसंग आणि संवाद त्यात उचललेले होते. भासींच्या वारसांनी प्रयोग थांबविण्याची मागणी केली, ती केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये अमान्य केली. किती घेतले आणि टीकेच्या मानाने ते किती, कशासाठी घेतले, मूळ कृतीच्या बाजारपेठेशी स्पर्धा होते काय, या कसोट्या न्यायालयाने लावल्या आणि प्रतिनाटक हे मूळ नाटकाच्या विचारसरणीची समीक्षा करते असे मानले. एका उच्च न्यायालयाने नाटकाला समीक्षेचा दर्जा द्यावा, ही घटना आपल्या समीक्षाव्यवहाराने पुरेशी दखल न घेता जाऊ दिली. पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. चंद्रन यांचे लक्ष्य भासींचे नाटकच होते. मूळ कृती जेथे केवळ साधन असते आणि लक्ष्य तिसरेच असते, तेथे हा निकाल किती पुरा पडेल, हे सांगता येत नाही.

लक्ष्य आणि साधन हा भेद अमेरिकी न्यायविचारात रुजला आहे. रॉय ऑर्बिसनच्या जुन्या गीताच्या रॅप-विडंबनाबाबतचा १९९४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विडंबनाला अनुकूल आहे. परंतु मूळ कृतीवर भाष्य करणारे विडंबन आणि मूळ कृती वापरून जगावर भाष्य करणारा उपहास यांत तो फरक करतो, आणि दुसऱ्याकडून अधिक समर्थनाची अपेक्षा ठेवतो. मराठीतील 'विडंबन' हा शब्द असा दुभंगलेला नाही. संस्कृतात अनुकरण आणि चेष्टा हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. सतराव्या शतकातील नीलकंठ दीक्षितांचे 'कलिविडम्बन' कोणत्या काव्याची नक्कल नाही, ते आपल्या काळातील लबाडांचा उपहास आहे. लिंडा हचिऑन यांनी १९८५मध्ये मांडलेल्या विडंबनाच्या सिद्धान्तातही मूळ कृतीची टिंगल ही आवश्यक अट नाही. चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरुक्ती ही आवश्यक अट आहे. जेरार झनेत यांच्या वर्गीकरणाने (१९८२) विडंबन, विपर्यास आणि शैलीनुकरण यांच्या सीमा आखल्या खऱ्या, पण शब्द बदलून चाल तीच ठेवणाऱ्या आपल्या विडंबनगीताला त्यात नेमके घर सापडणे कठीण जाते. युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये डेकमिन खटल्यात घेतलेली भूमिका या व्यापक अर्थाच्या जवळची आहे: विडंबनाने मूळ कृतीची आठवण द्यावी, तिच्यापासून जाणवण्याइतके वेगळे असावे आणि त्यात विनोद वा चेष्टा असावी, लक्ष्य मूळ कृतीच असले पाहिजे असे नाही.

त्या खटल्याचे दुसरे अंग अवघड आहे आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. तेथील विडंबन एका उजव्या पक्षाच्या दिनदर्शिकेवर होते. लोकप्रिय चित्रकथेचे मुखपृष्ठ घेऊन गेंट शहराच्या महापौराला नाणी उधळताना दाखविले होते, आणि ती वेचणाऱ्यांत बुरखाधारी व सावळ्या वर्णाची माणसे होती. मूळ कृतीच्या हक्कधारकांना अशा भेदभावी संदेशाशी आपली कृती जोडली जाऊ नये असे वाटण्यात न्याय्य हितसंबंध असू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. विडंबन हा रूपबंध दुर्बळांचाच पक्षपाती असतो, ही समजूत समीक्षेने सोडलेली बरी. बख्तिनच्या द्विस्वरी शब्दाचा उत्सव करताना आपण त्यातला दुसरा स्वर नेहमी आपल्याच बाजूचा धरतो.

आता खारच्या विडंबनाकडे कृती म्हणून पाहू. 'मिस्टर इंडिया'तील मूळ गीत हेच मुळी एक सोंग आहे. पत्रकार असलेली नायिका नर्तकीचा वेष घेऊन खलनायकाच्या गोटात शिरते. गीताचा आरंभ निरर्थक शब्दांच्या रेलचेलीने होतो आणि परदेशी झगमगाटाची हूल तेवढी उभी राहते. या सोंगाला सोंगच उत्तर देणारे, निरर्थकाच्या ठिकाणी अर्थव्यवहारातील निरर्थक बसविणारे विडंबन शक्य होते. कामरा यांच्या रचनेत ती जाण फारशी दिसत नाही. महागाई, कर आणि मध्यमवर्गाची कुचंबणा यांची यादी ओळखीच्या सुरावर बसते, टाळ्या घेते आणि संपते. मूळ गीताऐवजी त्या काळातले दुसरे एखादे उडते गीत घेतले असते तरी फार बिघडले नसते. म्हणजे अमेरिकी कसोटीवर ही रचना कच्ची उतरेल. परंतु येथेच समीक्षकाने आपल्या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. विडंबन सामान्य आहे हा मूल्यनिर्णय झाला. ते विडंबन आहे हा प्रकारनिर्णय. विडंबनाची अभिरुची चांगली की वाईट याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नाही, हे १९९४च्या अमेरिकी निकालाने स्पष्ट केले. आपल्याकडे मात्र छळ झालेल्या कृतीला श्रेष्ठ ठरविण्याची घाई होते, आणि ती श्रेष्ठ नाही असे दिसले की तिच्या हक्काविषयीची आस्थाही मावळते.

प्रकारनिर्णयासाठी वाचावे लागते, आणि यंत्र वाचत नाही. यूट्यूबने २००७पासून 'कंटेंट आयडी' ही व्यवस्था आणली. हक्कधारक आपल्या कृती तिच्या स्वाधीन करतो, नव्याने चढविलेली प्रत्येक चित्रफीत त्यांच्याशी ताडून पाहिली जाते, आणि जुळणी झाली की चित्रफीत रोखायची, तिचे उत्पन्न आपल्याकडे वळवायचे की नुसती नजर ठेवायची, हे हक्कधारक ठरवितो. चित्रफीत चढविणाऱ्याने हरकत घेतली तर ती पहिल्यांदा जाते त्याच हक्कधारकाकडे; विचार करायला त्याला तीस दिवस असतात. फिर्यादीच न्यायासनावर बसलेला असतो. खारच्या चित्रफितीवरचा दावा यंत्राने सुचविला की माणसाने, यावाचूनही मुद्दा उभा राहतो, कारण तो निकाली निघण्याचा मार्ग याच व्यवस्थेतला आहे.

भारतीय कायद्याने याहून अधिक विचार केलेला आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कलम ५२(१)(ग) आणि २०१३च्या प्रताधिकार नियमांतील नियम ७५ यांनुसार लेखी तक्रारीनंतर मध्यस्थाने छत्तीस तासांत मजकूर थांबवायचा. पण एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. त्या एकवीस दिवसांत न्यायाधीशाने कृती पाहावी, असे यात गृहीत आहे. सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरीजचीच कंपनी, विरुद्ध मायस्पेस या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६मध्ये म्हटले की विशिष्ट उल्लंघनाची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय मध्यस्थाला जबाबदार धरता येणार नाही. वैध आणि अवैध यांची निवड मध्यस्थाकडे सोपविली तर अभिव्यक्ती गोठेल, अशी धास्तीही त्या निकालात आहे. खाजगी करारावर चालणारी यंत्रणा हे सारे टाळून पुढे जाते. कायद्याला वळसा घालणारी ही रचना बेकायदेशीर नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

तुलनेसाठी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचे प्रकरण पाहावे. १९९४मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका नियतकालिकात छापली गेली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिनशर्त माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकांची सुटका करून कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. थोर ऐतिहासिक पुरुषाचे नाव घेऊन तसली भाषा वापरली की कसोटी अधिक कडक होते, हा त्यातील युक्तिवाद साहित्याला जाचक आहे. तरीही त्या निकालपत्रात कवितेतील आवाज कोणाचा, प्रतीकरूपाने नाव वापरण्याची मुभा किती, समकालीन समाजमानसाचे मापदंड कोणते, यांची चर्चा आहे. तिच्याशी वाद घालता येतो. त्याचप्रमाणे शासनाविषयीचा 'खोटा, असत्य अथवा दिशाभूल करणारा' मजकूर शासनाच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरविण्याचा २०२३चा नियम मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. याचिकाकर्ते कामराच होते, राजकीय उपहासकार या नात्याने. जानेवारी २०२४मध्ये खंडपीठात मतभेद झाला, तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ रोजी मत दिल्यावर नियम रद्द ठरला. उपहासातील असत्य हे असत्य म्हणून वाचायचे नसते, हा साहित्यशास्त्राचा प्राथमिक पाठ तेथे निदान युक्तिवादात मांडता आला. जुळणी करणाऱ्या यंत्रापुढे युक्तिवाद मांडण्याची सोय नाही.

प्रसिद्ध विनोदकाराला वकील मिळतो, वृत्तपत्रे मिळतात. घाटकोपरच्या रमाबाई नगरात, मुलुंडच्या वस्त्यांत आंबेडकरी गीतांची जी परंपरा आहे, जिची एक दुखरी नोंद आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या अनुबोधपटात विलास घोगरे यांच्या निमित्ताने झाली, तिने चित्रपटगीतांच्या चाली नेहमीच मोकळ्या हाताने घेतल्या. त्यामागे काटकसर होती आणि डावपेचही होता. श्रोत्याला पाठ असलेल्या प्रेमगीतात अचानक महाडचे तळे यावे, यातच त्या गीताचा आघात असतो. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात टाळ वाजविणारी भजनी मंडळीही अभंगाला सिनेमाची चाल लावताना कचरत नाहीत. ही गाणी आता भ्रमणध्वनीवर मुद्रित होतात आणि आंतरजालावर चढतात. डब्यात असताना ती परंपरा असतात; यंत्राच्या दृष्टीने चढविल्याक्षणी ती जुळणी ठरू शकतात.

मराठी समीक्षेने विडंबनाला मनोरंजनाच्या कप्प्यात ठेवले. 'केशवकुमार' या नावाने आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या काव्यरीतीची जी चिरफाड केली, ती एखाद्या प्रबंधाच्या तोडीची होती. तरी वाङ्मयेतिहासात ती बहुधा विनोदाच्या प्रकरणात येते, समीक्षेच्या नव्हे. आज कलम ५२चे दार उघडायचे तर विडंबन ही समीक्षाच आहे, आणि जगावरची समीक्षाही आहे, असे दाखविणारी मांडणी लागेल. केरळमधील खटल्याला तशी सामग्री एका नाटकाने पुरविली. आपल्या भाषेत ती नाट्यपदांच्या छापील प्रतींत, जलशांच्या वह्यांत आणि अत्र्यांच्या पुस्तकात विखुरलेली आहे. त्यातही एक गंमत अशी की मंडळातील अग्रणी माधव जूलियन १९३९मध्ये वारले, त्यांच्या कविता १९९०च्या आरंभी, मुदत पन्नासवरून साठ वर्षे होण्यापूर्वीच, प्रताधिकारातून मोकळ्या झाल्या. अत्रे १९६९मध्ये गेले. त्यामुळे जूलियनांची कविता कोणीही छापू शकतो. अत्र्यांच्या विडंबनाचे विडंबन ज्याला यंत्रापुढे निर्धास्तपणे ठेवायचे असेल, त्याने २०२९चा ३१ डिसेंबर उलटेपर्यंत थांबावे.